भिंत पाडण्याच्या अटीवर

मी, या शहराच्या प्राणिसंग्रहालयातली निवृत्त पशुवैद्य, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी तसा डॉक्टरांचा दाखलाही जोडायला लावला. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, मी त्यांना त्यांचा रक्तदाब विचारला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला तरी कोणी माझ्याकडे फिरकावे लागते. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझी स्वकष्टार्जित दोन खोल्यांची सदनिका धाकट्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला मिळावी. तो बांधकामाची कंत्राटे घेतो. मात्र त्याला एक अट आहे, ती कलम ४ मध्ये. भाच्या, आधी ती वाच, मग पडद्यांची मापे घे.

२. कपाट, भांडी आणि शिवणयंत्र बहिणीचे. आईची अंगठीही तिचीच. आईने ती मला दिली म्हणून बहीण कित्येक वर्षे माझ्याशी धड बोलली नाही. आता घाल म्हणावे, बोटात जात असेल तर.

३. माझे चिमटे, कात्र्या, मोठ्या जनावरांच्या सुया पशुवैद्यकीय महाविद्यालयाला द्याव्यात. लांब करवत मात्र कोणालाही देऊ नये, ती भंगारात घालावी. कारण सांगते.

छोटू आणि त्याची जोडीदारीण, असे दोन पाणघोडे पिल्ले असताना इथे आणले. शहरभर कौतुक झाले. अभियंत्याने पिल्लांच्या मापाचे दार बसवले आणि भोवती जाड काँक्रीटची भिंत ओतली. पिल्ले वाढतात, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. मी नोकरीला लागले तेव्हा दोघेही दारापेक्षा रुंद झाले होते. पुढे जोडीदारीण मेली, कोणीतरी गंमत म्हणून तिच्या उघड्या तोंडात टाकलेला रबरी चेंडू आतड्यात अडकून. भिंत फोडायची परवानगी येईपर्यंत ती कुजली असती. मग या करवतीने मी तिचे तुकडे केले आणि हातगाडीवरून त्या दारातून बाहेर काढले. छोटू डोळ्यांपर्यंत पाण्यात बुडून बघत होता. त्यानंतर या नोकरीवरून माझे मन उडाले ते कायमचे.

तिकीटबाई, म्हणजे खिडकीवर जन्म घालवलेली माझी मैत्रीण, म्हणते, "अगं, मोठं जनावर नसेल तर येणार कोण? सशासाठी कुणी तिकीट काढतं का?" खरे आहे. पोरे छोटूला बघून हरखतात, हेही खरे. जरा वेळ बघतात, "हा हलत का नाही?" म्हणतात आणि आइस्क्रीमकडे पळतात. पोरांचे काही चुकत नाही. पण तो हलून जाणार कुठे? चार पावलांत त्याचे तळे संपते. लहान शहराने मोठे जनावर ठेवू नये, एवढेच मी नोकरीभर सांगत आले. बैठकीत चहा येईपर्यंत सगळे माना डोलावत.

४. अट अशी. दूरच्या एका अभयारण्याने छोटूला घ्यायचे कबूल केले आहे. तिथे नदी आहे, त्याच्या जातीचे सोबती आहेत. भिंत पाडायचे काम भाच्याच्याच नावे मंजूर आहे. खर्च माझ्या ठेवींतून करावा. अडले आहे ते शेवटच्या सहीवर. भाचा म्हणतो, "मावशी, भिंत पाडायला एक दिवस पुरे गं. पण साहेबाला फाइल समजेपर्यंत त्याची बदली होते." हे ऐकून माझे कान किटले. म्हणून सदनिकेच्या किल्ल्या वकीलबाईंकडे राहतील आणि भिंत पडेल त्या दिवशीच त्याला मिळतील. छोटूसाठी तो कोणाच्या दारात ठाण मांडणार नाही; घरासाठी मांडेल. तरी खरे सांगायचे तर मला आशा उरलेली नाही. छोटू म्हातारा झाला आहे, सुळे झिजले आहेत, त्याला प्रवास झेपेल असे आता मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढी वर्षे मी त्याला फक्त औषधे दिली, आणि औषधाने बरे होण्यासारखे त्याला काही झालेलेच नव्हते.

५. वकीलबाईंनी विचारले, "छोटू आधी गेला तर अट रद्द, असं लिहू ना?" मुळीच लिहू नये. तो मेला तरी भिंत पाडावी, दार उखडावे, तळे बुजवावे आणि मगच किल्ल्या द्याव्यात. मागच्या आठवड्यात प्राणिसंग्रहालयाचे नवे अधीक्षक मला रस्त्यात भेटले. मोठ्या उत्साहात होते. "बाई, एक पिल्लू मिळतंय," म्हणाले. "छोटूनंतर गर्दी ओसरायला नको."

मी विचारले, "ठेवणार कुठे?"

"तिथंच की! नवीन काही बांधायला नको. दार अगदी त्याच्या मापाचं आहे."

हे सर्व मी स्वखुशीने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर
तारीख : पाच मार्च

सही : निवृत्त पशुवैद्य

साक्षीदार :
१. तिकीटबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)