ओस्ला इंक्स्टरच्या घराची आणि सुयांची वाटणी

मी, ओस्ला इंक्स्टर, वय ८२, अविवाहित, धंदा विणकाम, राहणार येल बेट, शेटलंड, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाला भीक न घालता हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय. लॉरीच्या बुद्धीचा दाखला कोणी मागत नाही, म्हणून त्याचं निभावतं.

१. किनाऱ्यावरचं घर माझा भाचा लॉरी याला मिळणार नाही. त्याला तिथे दुकान थाटायचंय. यंत्रावर सपाट विणलेले गळपट्टे मागून शिवायचे आणि हातविणीचे म्हणून बोटीने येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात मारायचे, हा त्याचा उद्योग. आमच्याकडे गळपट्टा डोक्यातून घालायचा, नळीसारखा, म्हणून सुयांवर गोल फिरवत विणतात. शिवण असते ती गोणीला. तसं सांगितलं तर म्हणतो, "मावशी, आत कोण बघतंय?" अरे गाढवा, ज्याच्या मानेला टोचतं तो बघतो!

२. चुलत बहीण बाबी हिला माझा गंजका तवा. गळपट्टा वर निमुळता व्हायला टाके घटवावे लागतात. ही बया नुसता धागा आवळते, वर मलाच शिकवते, "ओस्ला, आकार आपोआप येतो गं." तिचा गळपट्टा घातला तर मेंढीसुद्धा गुदमरेल.

३. आता शेजारची किर्स्टी, मासळीच्या कारखान्यात कामाला जाते ती. गेल्या उन्हाळ्यात मी उठावाच्या नक्षीचा, खांद्यावर पसरणारा गळपट्टा विणला. किर्स्टीने तो हातात फिरवून पाहिला आणि "आजी, धुऊन, ताणून वाळवून आणते," म्हणून घेऊन गेली. दहा दिवस पत्ता नाही.

"काय गं, समुद्राच्या तळाशी वाळवलास?"

"ऊनच नव्हतं, आजी."

गावच्या विणकामाच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी ताठ मानेने घेतलं, बाबीकडे बघून हसलेसुद्धा.

हिवाळ्यात तो गळ्यात घालताना बोटांना कळलं: घटवलेले टाके उजवीकडे कललेले. मी सत्तर वर्षं डावीकडेच कलवत आले. किर्स्टीच्या आईला फैलावर घेतलं, तेव्हा ती बोलली. सुईवर टाके घालून पहिला फेरा जोडतानाच माझ्या हातून पीळ पडला होता. शिकाऊ पोरीने करावी अशी चूक! वर कितीही विणा, तो पीळ सुटत नाही. सगळं उसवावंच लागतं. किर्स्टीने अख्खा उसवला, त्याच लोकरीचा पुन्हा विणला, आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला पुढे येऊन बसली. तो पीळ मला दिसलाच नव्हता. मला लाज वाटते.

सबब घर, सुया, विणताना सुई खोचायचा कमरेचा पट्टा आणि सगळी लोकर किर्स्टीची. लॉरीला कोर्टात जायचं तर खुशाल जावं.

४. तिसरं कलम गावच्या सभागृहात मोठ्याने वाचावं, बाबी हजर असताना. मला पुरताना तो गळपट्टा माझ्या गळ्यात घालू नये. तो किर्स्टीला द्यावा, आणि थंडी कितीही असो, मला उघड्या गळ्यानेच न्यावं.

सही: ओस्ला इंक्स्टर
साक्षीदार: गिडियन टुलक, बोटीवरचा खलाशी, थोमिना मॅन्सन, टपालवाली
मिड येल, ५ मार्च २०१९