इशिदासाहेबांचा टेम्पुरा आणि आईचा हात

वर्तकनगर, ठाणे
१८ जानेवारी १९८८

ती. सौ. शेवंतीअक्कास,

धाकट्या उत्तमचा साष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? (त्यांना सांग, थंडीत ओटीवर झोपायचा हट्ट सोडा.) आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि तू खडवलीहून पाठवलेल्या तांदळाच्या पिठामुळे माझी अब्रूही जवळजवळ सुखरूप आहे. अक्का, तुझे उपकार कुठे फेडू!

झालं असं. आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला जपानहून इशिदासाहेब आलेत. माणूस सोन्यासारखा. मला हाताला धरून सगळं मशीन शिकवलं. पण जेवणाच्या नावाने बोंब. कॅन्टीनची उसळ बघूनच डोळ्यांत पाणी, आणि केळी-बिस्किटांवर पँट कमरेवर राहीना. त्यांची आई गेल्या वर्षी वारली, ती टेम्पुरा फार छान करायची, असं एकदा बोलले. टेम्पुरा म्हणजे त्यांच्याकडची कोळंबीची, भाज्यांची भजी. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हटलं, साहेब, रविवारी घरी या, टेम्पुराच खाऊ घालतो! एक दिवस तरी हा माणूस पोटभर जेवावा, एवढंच मनात होतं. मालन म्हणाली, "तुम्ही बोललात ना, मग तुम्हीच तळा."

साहेबांनी सांगितलेली कृती अशी: मैदा, अंडं, बर्फाचं पाणी, आणि पीठ ढवळायचं नाही. जेमतेम कालवायचं आणि सोडून द्यायचं. गुठळ्या राहू द्यायच्या. (अक्का, गुठळ्या! पिठल्यात एक गुठळी राहिली म्हणून तू जिथे आईची इतकी बोलणी खाल्लीस, त्या घरात!) मैदा चिवट होतो, मूठभर तांदळाचं पीठ घाल, हे तू कळवलंस ते अगदी खरं निघालं. बर्फाची पंचाईत होती, कारण आमच्याकडे फ्रिज नाही. कोळीवाड्यातल्या आवडाबाईंकडे कोळंबी घ्यायला गेलो, तर त्यांनी मासळीला न लागलेल्या लादीचा तुकडा फोडून गोणपाटात बांधून दिला. साहेबाला सांग, कोलंबी आवडाबाईची हाय, एवढंच म्हणाल्या बिचाऱ्या.

काल मी पीठ कालवलं. थंडगार, गुठळ्यांचं, अगदी नियमाप्रमाणे. तेवढ्यात साहेब आले म्हणून दार उघडायला गेलो. आईला तेवढा वेळ पुरला. पाहुणा आत डोकावला आणि गुठळ्या दिसल्या तर घराण्याचं नाक कापलं जाईल ना! तिने पीठ एका दिशेने असं फेसलं, असं फेसलं की गुठळी औषधाला उरली नाही. वर हळद, हिंग आणि कडकडीत तेलाचं मोहन. मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "मेल्या, पीठ तरी नीट कालवायला शीक."

साहेबांनी पातेल्यात पाहिलं, आईकडे पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि सरळ बाह्या सरसावल्या. उरलेल्या बर्फाच्या पाण्यात नवं पीठ घेतलं, जरासं हलवलं आणि थांबले. आईचा हात आपोआप पुढे आला. (जन्माची सवय ती!) साहेबांनी तो हलकेच धरला आणि धरूनच ठेवला. दुसऱ्या हाताने कोळंबी तेलात सोडली. पहिली आईच्या हातावर ठेवली. पांढरीफटक, पण काय सांगू, दाराबाहेर ऐकू जाईल अशी कुरकुरीत! आई म्हणाली, "दिसतंय कच्चट, पण बरं लागतं की रे!"

मग वाया कशाला घालवायचं म्हणून आईने आपल्या पिवळ्या पिठात कांदा घालून भजी काढली. साहेबांनी टेम्पुरा ठेवला बाजूला आणि भज्यांची ताटली फस्त केली. खाताना डोळे वाहत होते. मी घाबरून पाणी दिलं, पण भज्यांत मिरची नव्हतीच. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. साहेब पोटभर जेवले, अक्का! तुझे, आवडाबाईंचे, मालनचे आणि आईचेसुद्धा आभार मानावे तेवढे थोडे.

भाऊजींना नमस्कार, पोरांना गोड गोड पापे.

तुझा,
उत्तम

ता. क. आई आता बिल्डिंगभर सांगत सुटली आहे की गुठळ्या राखणं ही मूळची आपल्याच घराण्याची पद्धत.

आणखी एक ता. क. ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. तुझी जुनी लुगडी असतील ती कुणाबरोबर तरी पाठव. आई तुझ्यासाठी शिवत होती ती गोधडी तिने काल साहेबांना देऊन टाकली. तिकडे बर्फ पडतो म्हणे. मी म्हटलं, अगं, अक्का रागावेल. तर म्हणाली, "रागवू दे. तिला आई आहे."