जांभळीचं बी

अण्णा, तुमची जांभळी यंदा माझ्या अंगणात फुलली आहे. व्हर्बिना म्हणतात तिला. कुंडीतली बुटकी नव्हे, तुम्ही लावायचात ती उंच, माणसाच्या छातीपर्यंत येणारी. काडीसारखे खरखरीत दांडे, पानं जेमतेम, आणि टोकाला जांभळ्या फुलांचे बारके झुबके. सकाळी ऊन आलं की फुलपाखरांची नुसती झुंबड उडते. गल्लीतले लोक फाटकाशी थांबून विचारतात, काय लावलंय हे? मी सांगतो, वडिलांचं झाड आहे. मग ते विचारतात, वडिलांनीच शिकवलं का? मी हो म्हणतो. त्या ‘हो’पायीच आज लिहायला बसलो आहे.

तुम्ही अंबडकडच्या सरकारी विश्रामगृहावर माळी होता. एक्क्याऐंशी साली मी सातवीत होतो आणि धाकटी चौथीत. मुक्कामाला आलेल्या कुठल्याशा साहेबांच्या बायकोने तुम्हाला या बियांची पुडी दिली होती, आणि त्या हिवाळ्यात जांभळी पहिल्यांदा फुलली. शाळा सुटली की आम्ही दोघंही बागेत यायचो, पण हाक तुम्ही तिलाच मारायचात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात, हे मला तिच्या हातांकडे बघून कळलं. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आहे, दोन नखांत शेंडा धरते आहे, आणि तुम्ही मागे उभे राहून म्हणता आहात, "बराबर. आस्संच." मीही तिच्या शेजारी बसलो आणि एक शेंडा खुडला. तुम्ही माझं मनगट धरून मला उठवलंत. "तू कशाला मातीत हात घालून राह्यला? जाय, पुस्तक घे. माळी व्हायचंय का तुला?" आवाज काही मोठा नव्हता. मी व्हरांड्यात जाऊन गणिताची वही उघडली आणि तुम्हा दोघांच्या पाठींकडे बघत बसलो.

लोक म्हणतील, बापाने पोराचं भलंच केलं. केलंत, अण्णा, त्याबद्दल तक्रार नाही. मी कचेरीत कारकून झालो, जालन्यात घर बांधलं, माझ्या हाताला आयुष्यात कधी घट्टा पडला नाही. दहावी पास झालो तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. धाकटीला तिच्या लग्नात तुमचं खुरपं दिलंत. पेन दुकानातलं होतं. खुरप्याच्या मुठीला तुमच्या अंगठ्याने खळगा पाडलेला होता, आणि तो खळगा तिच्या वाट्याला गेला. मी त्या खुरप्यावर जळत आलो आहे, आणि हे मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आणखी एक सांगतो. आईचं दुखणं वाढलं तेव्हा धाकटीला चौथीतूनच शाळेतून काढलं, कारण घरात भाकरी थापायला कोणीतरी हवं होतं. ती तीन दिवस रडत होती. मला तिची दया आली नाही. माझ्या मनात आलं, चला, आता हिला दिवसभर अण्णा मिळणार.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तुमच्या मागे विश्रामगृहावरची जांभळी कोणी ठेवली नाही, पण धाकटीच्या सासरी, मंठ्याला, ती दरसाल आपसूक उगवते. तिला ना कोणी पेरत, ना कोणी पाणी मोजून घालत. गेल्या फाल्गुनात भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. मांडवात लोक जेवत होते, आणि मी, दोन मुलांचा बाप, मागच्या अंगणात वाळलेले तुरे तळहातावर चोळून बी हातरुमालात बांधून घेत होतो. मागितलं असतं तर तिने ओंजळभर दिलं असतं, म्हणूनच मागितलं नाही. गणपती उठल्यावर पेरलं. तुम्ही बियांची पुरचुंडी आठ-दहा दिवस रांजणाखालच्या ओल्या गार वाळूत ठेवायचात, ते मी व्हरांड्यातून पाहिलेलं होतं, तसंच केलं. वाफा भुसभुशीत केला, बी टाकलं आणि मेथीवर टाकतो तसं वरून बोटभर चाळलेलं शेणखत पसरलं. उगवलं काहीच नाही. पुन्हा थोडं पेरलं, पुन्हा तेच. मग मला वाटायला लागलं की ही जांभळी तिचीच आहे, माझ्या हाताला येणारच नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

भाऊबीजेला ती आली. ओवाळायच्या आधीच, सवयीने, अंगणात गेली आणि रिकाम्या वाफ्याशी थांबली.

"काय लावलं हितं?"

"काही नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "जांभळी."

"माझ्याच घरचं बी चोरलं का रे भाऊ?" ती खळखळून हसली. मग खाली बसून तिने वाफ्यात बोट खुपसलं. "अन् हे एवढं पुरलं कशाला? हे बी वर्तीच टाकायचं. माती लोटायचीच न्हाई."

ती हाताला लागलेलं खत बोटांनी चोळत राहिली, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मला शाळंतून काढलं ना, तवा मी लई रडले होते. अण्णांनी मला बागंत नेलं. म्हनले, ह्या बियाला उजेड पायजे, वरून माती पडली की त्ये उगवत न्हाई. वर टाकायचं, तळव्यानं दाबायचं, बस. अन् म्हनले, हे मी कुनालाच सांगितलं न्हाई, तुझ्या भावालाबी न्हाई. तुला एकलीला सांगून राह्यलो. तवा कुठं माझं रडू थांबलं."

अण्णा, चार यत्ता शिकलेल्या बाईचं एवढंच धन होतं, आणि ते तिने माझ्यापुढे उघडून ठेवलं होतं. मी म्हणालो, "मलाही सांगितलं होतं त्यांनी. दहावीच्या सुट्टीत. मीच विसरलो."

तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. मी सांगतो ते सगळं तिला खरंच वाटतं, मी शिकलेला ना. "आसं का," ती म्हणाली. "मंग बराबर हाय." तिने हात झटकले आणि ओवाळणीचं ताट आणायला आत गेली. ओवाळताना हसली, जेवताना भाचीच्या लग्नाचं बोलली, माझ्या बायकोला मदत करू लागली. पण बागेचा विषय तिने त्या दिवशी पुन्हा काढला नाही. त्यानंतरही नाही. संक्रांतीला फोनवर मी मुद्दाम सांगितलं की जांभळीला कळ्या आल्यात, तर "चांगलं झालं" म्हणाली आणि पाहुणे आलेत म्हणून फोन ठेवला.

ती गेली त्याच संध्याकाळी मी वाफ्यावरचं खत खरवडून काढलं होतं. रुमालात उरलेलं बी वरच टाकलं, तळव्याने दाबलं. पंधरवड्यात हिरवा फुटवा दिसला. शेंडे मीच खुडले, नीट जमले. आता फुलं अशी आलीत की शेजारच्या मास्तरांनीही बी मागून ठेवलंय, आणि त्यांना मी तुमचं वाक्य तुमच्याच थाटात ऐकवतो: ह्याला उजेड पाहिजे. ऐकवताना जीभ अडखळत नाही, याचं मलाच नवल वाटतं.

मंठ्याला इथून दिवसभर गाड्या असतात. सकाळी निघालो तर तिच्या हातची भाकरी खाऊन दिवे लागायच्या आत घरी येईन. तिला सांगायचं तरी काय, तर अण्णा मला काही बोलले नव्हते, तुलाच बोलले होते. तीन महिने झाले, मी गेलो नाही. त्याऐवजी तुम्हाला लिहितो आहे, म्हणजे हे कुठे टाकायचा प्रश्नच नाही, कपाटातच राहील. तुम्ही रागवाल की मी खोटं बोललो. तेवढंच असतं तर मी एव्हाना मंठ्याला जाऊन आलो असतो. पण ती "आसं का" म्हणाली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला मला दिसला होता, अण्णा, आणि मला बरं वाटलं होतं.