जहाल फिनेल

सोमवार, ३ तारीख

आमच्या गोदामाला ‘हिरवी इमारत’ म्हणून पाटी मिळवायची आहे. इमारत तर पांढरी! मॅनेजर म्हणे, हिरवी म्हणजे वीज-पाणी कमी खाणारी, आतल्या माणसांना न बाधणारी. पाटी मिळाली तर मोठं गिऱ्हाईक येणार. नाही तर निम्मी माणसं घरी. त्यात पहिली मी — झाडूवाली.

खोकला आहेच. वय झालं, आणखी काय.

गुरुवार, ६

उद्या तपासणी. मॅनेजरने नवा साबण दिलाय. त्याला वासच नाही! वास नाही तर धुतलं हे कळणार कसं? जुनं फिनेल लपवून ठेवलंय. सकाळी तेच फिरवणार, दोनदा.

शुक्रवार, ७

तपासणीवाली बाई एवढीशी, माझ्या पोरीच्या वयाची. पण काय बाई! मॅनेजरने खुर्ची पुढे केली, तिने बघितली पण नाही. शिडीने थेट छपरावर. पावसाचं पाणी टाकीत कुठून उतरतं, ते हात घालून बघितलं. मग सगळे दिवे बंद करायला लावले — छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून एवढा उजेड, की खोक्यांवरची नावं मला वाचता आली. मला, चष्म्याशिवाय!

मग पावडरच्या डबीएवढं यंत्र काढलं, हवा तपासायचं. लालभडक झालं. मॅनेजर पांढरा पडला.

“फरशीला काय वापरलंत?”

सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, “मी वापरलं. फिनेल. तुम्ही येणार म्हणून दुप्पट.”

रागावली नाही. बाटली मागितली, मागची बारीक अक्षरं मला सावकाश वाचून दाखवली. अशी कोणी कधी वाचली नव्हती.

“मावशी, किती वर्षं वापरताय हे?”

एकोणीस.

म्हणाली, हे बंद करा, वरच्या झडपा उघडा, बारा दिवसांनी परत मोजते.

मॅनेजर नंतर जे बोलला ते लिहीत नाही.

मंगळवार, ११

बिनवासाचा साबण. धुऊनही काही केलंच नाही असं वाटतं.

बुधवार, १९

परत आली. कोपरान् कोपरा मोजला. डबी हिरवी! म्हणाली, पाटी मिळेल. मॅनेजरने चक्क मला खुर्ची पुढे केली. मी पण बघितली नाही.

गुरुवार, २०

नवरा उठला तेव्हा ऊन आत आलेलं. कामाला उशीर, म्हणून माझ्यावर चिडला. मी म्हटलं, मी कधी उठवते तुम्हाला?

म्हणाला, “रोज तुझ्या खोकल्याने तर जाग येते.”