खरवडलेली कवटी

३ एप्रिल १९६१, पांढरकवडा

आलो एकदाचा. वर्ध्याच्या उन्हाला कंटाळून निघालो तो आगीतून फुफाट्यात पडलो, पण मन खूश आहे. नोकरी पक्की झाली. कपाशीवर फवारायचं विषारी औषध जहाजानं मुंबईला उतरतं आणि तिथून आमच्या गोदामात येतं. खाऱ्या दमट हवेनं पिंपांवरच्या चिठ्ठ्या सुटतात. नव्या मी चिकटवायच्या: वर कवटी, दोन हाडं, खाली माझ्या वळणदार अक्षरात ‘विष’. खळही मीच शिजवतो. खोली निजामुद्दीनचाचांच्या घरात मिळाली. ते ट्रक दुरुस्त करतात. सुग्राचाची पहिल्याच दिवशी म्हणाली, काहून उपाशी राह्यतं बाबू, इथंच जेवत जाय.

११ एप्रिल

चाचीची सून गुलनार पोटुशी आहे, तरी लांबून घागरी वाहते. गोदामात तोंडाशी चेपलेलं एक पिंप रिकामं झालं होतं. अशा पिंपाला भोक पाडून ते पुरायचं, हा नियम. मी ते तीनदा धुतलं, कवटी खरवडली आणि पाण्यासाठी घरी आणलं. यात काय होतं, चाचीनं विचारलं. मी सांगितलं, तेल. खरं बोललो असतो तर तिनं घेतलं नसतं, आणि मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. तिनं तोंडभर दुआ दिली. मला तिच्याकडे बघवेना.

१५ एप्रिल

सकाळी पिंपावर चिठ्ठी. कवटी, हाडं, माझंच अक्षर. खळ अजून ओली होती. मी तर लावली नाही. कुणी बघायच्या आत खरवडली.

हल्ली मी गोदामातलंच पाणी पितो. हे लिहितानाही लाज वाटते.

१८ एप्रिल

रोज येते. रोज खरवडतो. नखांतली खळ निघत नाही. चार कोंबड्या मेल्या. चाची म्हणाली, ऊन लागलं. मी मान डोलावली.

२२ एप्रिल

गुलनारला उलट्या. बायका म्हणतात, दिवसच तसे आहेत. आज अक्षरं वीतभर मोठी होती. तीही खरवडली. मग पिंप उलथायला गेलो, तर चाचा म्हणाले, कायले सांडतं, तुयाच उपकारानं पोरीचे पाय वाचले. मी परत खोलीत येऊन बसलो.

२४ एप्रिल

गुलनार गेली. पोटातलंही.

२५ एप्रिल

ठरवलं. आज खरवडायची नाही. लोक वाचतील. मला बोलावं लागणार नाही.

घाटंजीचे पाहुणे आलेत. अंगण भरलंय. पण चिठ्ठी—

नाही आली. पिंप कोरं. सगळे त्यातलंच—

आता मीच सांगायचं. उठतो. उठलो की—

चाची दारात. रडून डोळे सुजलेत. हातात भरलेला पेला. म्हणते, सकायपासून पाणी नाई पेला तू. सगळे माझ्याकडे बघतायत. नको म्हटलं तर विचारतील, काहून. मग मला—