बाराच्या आतली बस

पांढुर्णा,
ता. १९ जानेवारी २०२५

प्रिय वच्छलाताई,

सप्रेम जय भीम. भाऊजींचे गुडघे कसे आहेत? तिकडे लोधीखेड्यालेही थंडी सुटली असेल, सांभाळा. फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् मी ओरडून सांगितलं तर सारी गल्ली ऐकते, म्हणून लिहून राहिली.

ताई, मी जिंकून आली! कसं ते सांगते, पण मधातच "आणलं का अंकुशले?" असं विचारू नको.

दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात पोराले मीच पाठवलं होतं न? म्हटलं, हातातला मोबाइल तरी सुटेल. मोबाइल सुटला, घरही सुटलं. भिक्खूचं चीवर अंगावर चढलं ते काही उतरलं नाही. तेव्हापासून त्याचे बाबा त्याचं नाव घेत नाहीत. अन् मी तुह्यासमोर छातीठोक बोलली होती, त्याले घेऊनच येईन, अन् भंतेजी झाला तरी पोटच्या पोराच्या पाया तर मरेपर्यंत पडणार नाही.

तर काल शनिवारी गेली. मोहगावच्या पुढे टेकडीवर त्यांचा विहार आहे. त्याच्या आवडीच्या पाटवड्या केल्या होत्या. पण रस्त्यात बस पंक्चर झाली अन् पोचेपर्यंत बारा वाजून गेले. बारानंतर ते लोक पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. अंकुशनं डब्याकडे पाह्यलं अन् मान खाली घातली. "उपासिके, वेळ टळली," म्हणे. उपासिका! मी, त्याची माय! असा राग आला मले, डबा उचलला अन् तडक निघाली.

फाटकापाशी विहाराचं दुकान आहे. आवळा कँडी, तिळाचे लाडू, जवसाची चटणी, सगळं भंतेजींच्या हातचं. दुकान सांभाळणारा भूपेंद्र म्हणे, "ताई, चाखून तर पाहा." चटणी तोंडात टाकली. बाप्पा! मिठाचा पत्ताच नाही.

"कोणी केली ही?"

"अंकुश भंतेजींनी. दुपारून करतात न, म्हणून चाखता येत नाही."

"अन् तुम्ही काहून नाही चाखत?"

"चाखतो की. मले बीपी आहे ताई, डॉक्टरनं मीठ बंद केलं. मले बरोबरच लागते."

हसू की रडू! डबा त्याच्यापाशी ठेवला अन् थेट स्वयंपाकघरात घुसली. अंकुश चीवर सावरत खलात जवस कुटत होता. "मीठ कुठं आहे?" म्हटलं. त्यानं बरणी पुढे केली. मी मीठ घालत गेली, चाखत गेली, लसूण वाढवला, तिखट वाढवलं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहून राहिला होता, लहानपणी गणिताची वही दाखवून उभा राहायचा तसा. "जमली," म्हटलं तेव्हा हसला. तेच हसू, ताई, अजून तेच!

नागपूरच्या गाडीतून बाया आल्या होत्या. त्यांनी चाखली अन् मी घरासाठी बांधलेली एक पुडी सोडून होती नव्हती तेवढी सारी चटणी उचलली. मोठे भंतेजी म्हणाले, "उपासिके, दुपारी आम्हाला जीभ नसते. दर शनिवारी याल?" मी म्हटलं, "येईन. पण चुकलं तर बोलेन." "बोला," म्हणाले. अन् माझ्या पाटवड्या त्या भूपेंद्रनं खाल्ल्या, मीठ बंद असूनही!

आता जे टाळून राहिली होती ते लिहिते. निघताना मी अंकुशच्या पाया पडली. तीनदा, रीतसर. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्यानंच राहवलं नाही. "सुखी हो," म्हणाला तो. भिक्खूले खायचं काही मागता येत नाही, तुले माहीत आहे. माझ्या रिकाम्या डब्याकडे पाहत तो एवढंच बोलला, "सकाळची पहिली बस बाराच्या आत पोचवते."

नाही आणलं मी त्याले. पण तूच सांग, हरली का मी?

घरी आल्यावर त्याच्या बाबांच्या ताटात ती चटणी वाढली. कोणी केली अन् पहिल्या बसचं तो काय बोलला, तेही सांगितलं. त्यांनी भाकरीसंगं सगळी खाल्ली. मग हात धुता धुता विचारतात, "शनिवारी ती पहिली बस किती वाजता सुटते?"

तुझी,
अंकुशची माय अन् विहाराची जीभ,
पुष्पा