अम्मीच्या नावाचा बोअर

हमद टाउन, बहारीन
९ जानेवारी २०२५

प्रिय अस्मा आपास,
इक्बालचा सलाम वि. वि.

इकडे सगळे खुशाल. हे पत्र गावी निघालेल्या रहिमतुल्लाच्या हाती देतोय, कारण फोन केला की अब्बा स्पीकर लावायला सांगतात, आणि हे त्यांनी इतक्यात ऐकायला नको. तुझी भाची सुहा मला हसतेय. पप्पांचं व्हॉट्सॲप बिघडलं का, असं इंग्रजीत विचारते.

आपा, अब्बा जिथं माळी होते ती बुदैयाची खजुराची बाग विकली गेली. तिथं बंगले होणार. नवं बांधायचं तर बिल्डरला आता जमिनीखालच्या पाण्यासाठी फी भरावी लागते, आणि त्या फीतून जुने बोअर सिमेंटनं बुजवतात. त्यांचे पाइप सडलेत, त्यातून खारं पाणी गोड्यात उतरतं. काम चांगलं आहे, माझी सुपरवायझरची नोकरी त्यावरच चालते. पण महिनाअखेरीस अम्मीचा बोअर बुजवायचाय. अब्बांनी तिच्या रूहला सवाब मिळावा म्हणून मारलेला, भिंतीबाहेर वाटसरूंना नळ काढून दिलेला, तोच.

एवढा एक ठेवता येईल का, म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मफी, म्हणजे नाहीच. एक ठेवला तर बाकीचे बुजवून उपयोग काय? त्यांचंही खरंच आहे गं. पण तो नळ वाहतोय तोवर अम्मीच्या कबरीत गारवा आहे, असं अब्बा मानतात. त्यांना सांगू की नको? माझं डोकं चालत नाही. तू म्हणशील तसं करीन.

आहे ती माया राहू दे.
तुझा इक्बाल


दाभोळ
२० जानेवारी २०२५

चि. इक्बालास,
अस्मा आपाच्या अनेक दुवा. वि. वि.

अरे शहाण्या, रहिमतुल्ला पाकीट घेऊन दारात उभा राहिला आणि अब्बा ओटीवरच बसलेले! इक्बालनं काय लिहिलंय, वाच म्हणाले. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सगळं वाचून दाखवलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाले, की त्यांच्या वेळीच पाणी मचूळ व्हायला लागलं होतं, खजुरांच्या पानांची टोकं करपायची. अम्मीच्या बोअरमुळे दुसऱ्याचं गोडं पाणी नासत असेल तर तिला सवाब कसला पोचणार? इक्बालला सांग, खुशाल बुजव.

पण त्यांचं एक मागणं आहे. अम्मी गेली तेव्हा त्यांना रजा मिळाली नाही. ते आले ते थेट चाळिसाव्याला. सगळ्या गावानं तिला तीन-तीन मुठी माती दिली, नवऱ्याची तेवढी राहिली. म्हणून सिमेंट ओतण्याआधी तू त्यांच्या नावानं तीन मुठी टाकायच्यास. हे सांगताना रडले रे. अब्बांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फोन लावते म्हटलं तर नको म्हणाले, माती काय फोनवरून जाते? अंगणातली माती स्वतः चाळून फडक्यात बांधलीय. शेजारची जिकरा महिनाअखेरीस येतेय, तिच्याबरोबर पत्र आणि माती पाठवतेय.

जिवाला जप, पोरीला मुका दे.
तुझी आपा


हमद टाउन, बहारीन
२ फेब्रुवारी २०२५

ती. अब्बांच्या सेवेशी,
इक्बालचा सलाम वि. वि.

अब्बा, हे पत्र तुम्हालाच लिहितोय. आपाला वाचून दाखवायला लावू नका, तुम्हीच वाचा.

जिकरा परवा आली. माती नीट पोचली, फडक्याची गाठही सुटलेली नाही. पण बिल्डरला घाई होती, म्हणून आमचं काम आठवडाभर आधीच उरकलं. काल माती घेऊन बागेत गेलो. नळ काढून टाकलाय. बोअरच्या तोंडावर सिमेंट दगडासारखं झालंय. त्यावर माती टाकायला हात उचलला, पण नाही टाकली. वाऱ्यानं उडून गेली असती. फडकं तसंच घरी आणलं.

तुमचं मागणं तेव्हा पोचलं नव्हतं, तरी मी तिथं असतो तर निदान इथली माती आपणहून तुमच्या नावानं टाकली असती, असं तुम्हाला वाटेल. मी नव्हतो, अब्बा. अम्मीचा बोअर बुजताना मला बघवणार नाही, म्हणून त्या दिवशी घरी बसलो होतो. अम्मी गेली तेव्हा तुम्हाला मागूनही रजा मिळाली नाही. मी मागितली, आणि मला लगेच मिळाली.

रागवा, पण लोभ काढून घेऊ नका.
आपला,
इक्बाल